खंडाळ्याची रात्र, गेटच्या आत

गुरुवारची संध्याकाळ झाली की ग्रुपवर एकच प्रश्न येतो, ‘शनिवारी कुठे?’ गोवा बजेटच्या बाहेर, महाबळेश्वर लांब, अलिबागला जेट्टीची रांग. मग कुणीतरी एका व्हिलाची रील टाकतं. निळाशार पूल, पाण्यावर तरंगता नाश्त्याचा ट्रे, मागे धुक्यात बुडालेला डोंगर. पाच मिनिटांत दहा जणांची कॉन्ट्री ठरते. लोकेशन असतं खंडाळा.

आता याच दहा जणांना सोमवारी विचारा, खंडाळ्यात काय पाहिलंत? कुठे जेवलात? रात्री कुठे फिरलात? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळेल, ‘बंगल्यातच होतो रे!’ दारू पुण्याहून नाहीतर पनवेलहून गाडीतच आलेली, चिकन मॅरिनेट करून डब्यात आणलेलं, स्पीकर भाड्याने घेतलेला. गावाशी संबंध आला तो बर्फ, कोळसा आणि सिगारेटपुरता. निघताना चिक्कीची दोन पाकिटं घेतली की ट्रिप संपली.

खंडाळ्यात नाइटलाइफ नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. ती आहे आणि जोरात आहे. फक्त ती रस्त्यावर, चौकात, हॉटेलात दिसत नाही. उंच कंपाउंड, लोखंडी गेट आणि गेटवर केअरटेकर, त्याच्या आत ती चालते. त्यामुळे गावाच्या वाट्याला आवाज येतो, कचरा येतो आणि ट्रॅफिक येतो. धंदा मात्र फारसा येत नाही. पाहुण्यांनाही गाव भेटत नाही. म्हणून खंडाळ्यात रात्री मौजमजा असावी की नसावी, या नेहमीच्या वादात फार अर्थ नाही. ती कुठे असावी, कुणाच्या डोळ्यांसमोर असावी आणि तिचा हिशेब कुणी द्यावा, हा खरा वाद आहे.

थांब्यावरचं गाव

खंडाळ्याचं खाणंपिणं मुळात उघड्यावरचं, वाटेवरचं. बोरघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी जुनी वाट. कार्ले आणि भाजे इथली लेणी याच वाटेच्या आधाराने उभी राहिली. इंग्रजांनी १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता सुरू केला आणि खंडाळा हे चढण संपल्यावर दम खायचं ठिकाण झालं.

रेल्वेने तर खंडाळ्याला पाच वर्षं चक्क शेवटचं स्टेशन केलं होतं. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण घाटातलं काम बाकी होतं. मुंबईकडून आलेला प्रवासी घाटाच्या पायथ्याला, खोपोलीला उतरायचा आणि पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने घाट चढून खंडाळ्यात पुढची गाडी पकडायचा. घाटाच्या कामावर एका टप्प्याला ४० हजारांहून जास्त मजूर होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावली. गाडी खंडाळ्यावरून पुढे जाऊ लागली तरी थांबायची सवय मात्र घाटाला लागून राहिली.

घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. त्या काही मिनिटांच्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा मोठा झाला. लोणावळ्याची चिक्की मूळची गूळदाणी; रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना पोटाला आधार म्हणून ती विकली जायची, असं सांगितलं जातं. स्टेशनजवळचा कूपर्सचा फज, उन्हाळ्यात आदिवासी बायका पानांच्या द्रोणात विकतात ती जांभळं-करवंदं, पावसाळ्यात भाजलेलं कणीस आणि कांदाभजी, हे सगळं थांबलेल्या माणसासाठी तयार झालेलं खाणं आहे. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, असं लोक मानतात आणि ड्रायव्हर तिथेही क्षणभर गाडी हळू करतात.

दुसरीकडे खंडाळा हे शांततेचंही गाव. मुंबईच्या शेठजींनी आणि पारशी कुटुंबांनी इथे बंगले बांधले ते हवापालटासाठी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं ते योगाच्या अभ्यासासाठी. म्हणजे बंगला काही इथे नवा नाही. पण तेव्हा बंगल्यात लवकर झोपायला लोक यायचे. आता उलटं झालंय. १९९८ मध्ये ‘गुलाम’ आला, आमिर खानचं ते गाणं घराघरांत वाजलं आणि ‘खंडाळ्याला जाणं’ याला एक वेगळाच, डोळा मारणारा अर्थ चिकटला. अख्ख्या देशाला हे गाव माहीत झालं ते एका पिढीच्या ‘घरी न सांगता जायच्या’ जागेसारखं.

रात्र आत कशी गेली?

२००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला. दोन्ही शहरांतून खंडाळा दोन-अडीच तासांच्या आत आलं. जुन्या हायवेवरचे ढाबे आणि हॉटेलं यांचा ‘वाटेवरचा’ गिऱ्हाईक कमी झाला आणि ‘मुक्कामाचा’ वाढला. मग बंगले, रो-हाउस, सेकंड होम आणि त्यातून व्हिला. मालक मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात. वर्षातले चार दिवस तो येतो, बाकीचे दिवस जागा भाड्याने. आधी हायवेच्या कडेला उभे राहून हात दाखवणारे एजंट गिऱ्हाईक आणायचे, आता त्यांच्या जोडीला इन्स्टाग्राम पेज आणि बुकिंगची अ‍ॅप्स आली.

पण फक्त मागणी वाढली म्हणून रात्र बंगल्यात गेली असं नाही. तिला तिकडे ढकलणारी कारणं आपणच तयार केली आहेत.

पहिलं कारण घड्याळाचं. खंडाळा आणि लोणावळा हे पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात. पुणे शहरात, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, बार रात्री दीडपर्यंत चालू राहू शकतात. ग्रामीण हद्दीत परमिट रूमचं शटर त्याच्या बरंच आधी खाली येतं. ज्या गावात लोक ‘रात्रीसाठी’ येतात तिथली रात्र शहराच्या आधी संपते. बंगल्याच्या आत मात्र शटरच नाही.

दुसरं कारण बंदीचं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर प्रशासनाने मावळातल्या पर्यटनस्थळांवर जमावबंदीसारखे आदेश काढले, संध्याकाळी सहानंतर धरण परिसरात थांबायला मनाई केली, उघड्यावर दारू पिण्यावर कारवाई सुरू केली. धबधब्याच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पाण्याशी वाद घालता येत नाही. पण सहा वाजता हजारो तरुण परत फिरतात तेव्हा त्यांनी जायचं कुठे, याचं उत्तर कुणी दिलं नाही. ते उत्तर बाजाराने दिलं. गेट उघडलं, गाडी आत घेतली.

तिसरं कारण हायवेचं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. ज्या गावांचा मुख्य रस्ताच हायवे आहे, त्यांना याचा मोठा दणका बसला आणि लोणावळा-खंडाळा अगदी तसंच गाव आहे. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही. पण त्या काही महिन्यांनी एक गोष्ट शिकवली. बार बंद झाला तरी पिणं थांबत नाही, फक्त ते गाडीच्या डिकीतून बंगल्यात जातं.

चौथं कारण आपलं आहे, मान्य करायला हवं. मुलींना रस्त्यावरच्या बारपेक्षा बंद गेटच्या आत सुरक्षित वाटतं. जोडप्यांना हॉटेलच्या रिसेप्शनवरचे प्रश्न नको असतात. घरी ‘ऑफिसची ट्रिप’ सांगून आलेल्यांना कुणी ओळखीचं भेटायला नको असतं. बंगला म्हणजे फक्त पार्टी नाही, तो प्रायव्हसीचा दर आहे. ज्या समाजात पंचविशीतल्या माणसालाही स्वतःची खोली मिळत नाही, तिथे दोन रात्रींची खोली महाग असली तरी विकली जाणारच.

बिल कोण भरतं?

बंगल्याच्या पार्टीचं बिल दहा जणांत वाटलं जातं. पण ज्यांचं नाव त्या हिशेबात नाही, तेही काहीतरी भरत असतात.

सगळ्यात आधी केअरटेकर. बहुतेक वेळा तो बंगल्याच्या मागच्या एका खोलीत बायको-मुलांसह राहतो. पाहुणे नाचतात तेव्हा भिंतीपलीकडे त्याची मुलं झोपायचा प्रयत्न करत असतात. पोलिसांची गाडी आली की पहिला तोच पुढे होतो, कारण मालक फोनवर आणि पाहुणे पूलमध्ये. आवाज कमी करा म्हटलं तर रिव्ह्यू खराब, नाही म्हटलं तर शेजाऱ्यांचा राग. पूलपाशी कुणाचा पाय घसरला तरी धावणारा तोच. जीवरक्षक म्हणून त्याला कुणी शिकवलेलं नसतं. भाड्याच्या बंगल्यांतल्या पूलमध्ये बुडून, कधी शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या या भागातून येत राहतात आणि दोन दिवसांत विसरल्या जातात.

मग शेजारी. २०११ च्या जनगणनेत लोणावळा नगरपरिषदेची लोकसंख्या, खंडाळा धरून, सुमारे ५७ हजार होती. हे काही रिकामं रिसॉर्ट नाही. इथे दहावीची मुलं आहेत, पहाटेची लोकल पकडून पुण्याला कॉलेजला जाणारे आहेत, निवृत्त माणसं आहेत. डोंगराच्या कुशीतल्या गावात आवाज दरीवरून परत येतो, त्यामुळे एका बंगल्याचा डीजे चार आळ्यांना ऐकू जातो. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन माणसांचं साधं बोलणंच साधारण ६० डेसिबलचं असतं, यावरून अंदाज करा.

तिसरा बिल भरणारा म्हणजे गावातला तुमच्याच वयाचा मुलगा किंवा मुलगी. त्यांच्यासाठी या सगळ्या उलाढालीत काय काम आहे? गेट उघडणं, पूल साफ करणं, बर्फ पोचवणं, एजंटगिरी. शेफ, बारटेंडर, संगीतकार, गाइड, हॉटेल मॅनेजर ही कामं तयार होतात ती उघड्या, नोंदणी असलेल्या जागांमध्ये. आपलं आपण शिजवून, आपलं आपण वाजवून परत जाणाऱ्या गिऱ्हाइकामागे गावात कौशल्य उभं राहत नाही. काही घरांमधल्या बायका बंगल्यांना भाकरी-चिकनचं जेवण करून देतात, हा एक बरा अपवाद. पण तेही फोन आला तर, नाहीतर नाही.

आणि चौथा बिल भरणारा घाट. रात्री दोनला ‘चल, लायन्स पॉइंटला चहा-मॅगी खाऊन येऊ’ म्हणून निघालेली गाडी कोण चालवतंय, हे बंगल्यात कुणी विचारत नाही. पुण्याची लोकल लोणावळ्यापर्यंतच येते, बंगल्यांच्या गल्ल्यांत रात्री बस नाही, रिक्षा मिळेल याची खात्री नाही. म्हणजे पिण्याची सोय आहे, चालत जाण्याची किंवा परत येण्याची नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला जे झालं, भरधाव पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, ते सरळ रस्त्यावर झालं होतं. इथे तर वळणं आणि धुकं दोन्ही आहेत.

निघण्याआधी हे माहिती असू द्या

• महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी कायदेशीर वय २१, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ आहे. ‘अठरा पूर्ण, सगळं चालतं’ हा गैरसमज आहे.

• १९४९ चा दारूबंदी कायदा राज्यात आजही लागू आहे. प्यायला परवाना लागतो. विदेशी दारूसाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० आणि आजीवन १,००० रुपयांचा.

• तिकीट लावून पार्टी करायची आणि तिथे दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा वेगळा परवाना लागतो. ‘प्रायव्हेट बंगला आहे’ हे उत्तर चालत नाही.

• रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकर वाजवायला मनाई आहे. वर्षातले ठरावीक दिवसच सरकार ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. तुमचा वाढदिवस त्या यादीत नसतो.

• गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

• हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

• त्रास होत असेल तर ११२ आहेच. भोंग्यांच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलंय की आवाजाची तक्रार करणाऱ्याची ओळख विचारत बसू नका.

बंदी, सूट आणि मधला रस्ता

कायदे तर आहेत. मग अडतं कुठे? रेस्टॉरंटला अन्न परवाना लागतो, अग्निशमनाचा दाखला लागतो, दारूचं लायसन्स आणि त्याची फी लागते. तपासायला अधिकारी येतात. नोंदणी नसलेल्या बंगल्यात यातलं काहीच नाही. परवाना असलेल्या ठिकाणीही माणसं मरतात, हे आपण पाहिलंय. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला डिसेंबर २०२५ मध्ये आग लागली, २५ जण गेले. पण तिथे निदान विचारता तरी येतं, परवाना कुणी दिला, तपासणी कुणी केली नाही. जी जागा कागदावर ‘घर’ आहे तिथे हा प्रश्न कुणाला विचारणार?

जगात दोन टोकं दिसतात. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या १० हजारांहून जास्त पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाही. घरं रहिवाशांना हवीत, पार्टीला नकोत, असा हा सरळ हिशेब. अ‍ॅमस्टरडॅमने २०२३ मध्ये फक्त दंगा करायला येणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांना ‘येऊ नका’ सांगणारी जाहिरात मोहीमच चालवली. पण त्याच शहराने ‘रात्रीचा महापौर’ ही कल्पनाही जगभर नेली. रात्री जागणारे, रात्री काम करणारे आणि रात्री झोपणारे, या तिघांमध्ये बोलणं घडवून आणणारा माणूस.

एवढं लांब कशाला, आपल्या शेजारी बघा. इंदूरचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार असतो. दुकानांची शटर खाली आली की त्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीचे ठेले लागतात आणि होळकरांच्या राजवाड्याजवळची ती जुनी गल्ली मध्यरात्रीनंतरही गजबजलेली असते. अहमदाबादचा माणेक चौकही तसाच, दिवसा सराफ आणि रात्री खाऊगल्ली, आणि तेही दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये. जुन्या वस्तीत रात्र जागवायला दारूच लागते असं नाही, हे या दोन चौकांनी दाखवलंय. आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे एकाच गल्लीत उभे राहून खातात, तेव्हा पोलिसाच्या आधी गर्दीच एकमेकांवर लक्ष ठेवते.

याच इंदूरने एक धडाही दिलाय. २०२२ मध्ये तिथे बीआरटीएसच्या पट्ट्यातली दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. दारू पिऊन रस्त्यावर गोंधळाच्या तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२४ मध्ये ती मागे घेतली गेली. नुसता वेळ वाढवला आणि बाकी काही बदललं नाही, तर जे व्हायचं तेच झालं. सराफा टिकला, कारण त्याला गल्ली आहे, ठरलेले विक्रेते आहेत आणि त्या जागेची मालकी वाटणारे लोक आहेत.

खंडाळ्याला काय करता येईल?

पहिली गोष्ट फुकट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे दारू न विकणारी दुकानं आणि खाण्याची ठिकाणं २४ तास उघडी राहू शकतात. तरी पोलीस आणि स्थानिक यंत्रणा ती बंद करायला लावतात अशा तक्रारी आल्या, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारला पुन्हा स्पष्ट आदेश काढावा लागला. म्हणजे खंडाळ्यात मिसळ, वडापाव, भाकरी-पिठलं, चहा-भजी रात्री दोनला मिळणं हे आजही कायदेशीर आहे. लोणावळा बाजारात किंवा खंडाळ्याच्या तलावाजवळ अशी एक उजेडातली, पायी फिरता येणारी, वस्तीपासून थोड्या अंतरावरची खाऊगल्ली का नसावी? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगरपरिषदेला विक्रेत्यांची पाहणी करून जागा ठरवून द्यायचा अधिकार दिलेलाच आहे. अट एकच, लाउडस्पीकर नाही आणि गल्लीत दारू नाही.

दुसरी गोष्ट, बंगल्यांची नोंदणी. केंद्र सरकारच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत घरमालक स्वतः त्याच घरात राहतो, अशी मूळ अट आहे. पाहुण्यांसोबत यजमान असला की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. व्हिलाचा धंदा याच्या बरोबर उलटा आहे, मालक गायब. ठीक आहे, नसेल राहायचं तर गावात राहणारा, फोन उचलणारा, जबाबदार माणूस नेमा. गेटवर नोंदणी क्रमांक लावा. तो क्रमांक नसेल तर अ‍ॅपवर आणि रीलवर जाहिरात नाही. पूलला कठडा, खोलीची पाटी, विजेची तपासणी. दोनदा आवाजाची तक्रार खरी ठरली तर क्रमांक रद्द. यात कुणाचा रोजगार जात नाही. जाते ती फक्त लपून राहायची सोय.

तिसरी गोष्ट, परतीची सोय. वीकेण्डला रात्री लोणावळा स्टेशन, बाजार, खंडाळा आणि बंगल्यांच्या मुख्य वस्त्या यांना जोडणारी एक मिनीबस पुरेशी आहे. स्थानिक रिक्षावाल्यांना ठरलेल्या दराने रात्रीची पाळी द्या, त्यांचाही फायदा. टायगर आणि लायन्स पॉइंटजवळ काचेच्या स्कायवॉकसाठी २०२४ मध्ये राज्य सरकारने ३३३ कोटींच्या आसपासचा प्रकल्प मंजूर केला. दरीवर काचेवरून चालायला इतके पैसे असतील, तर बाजारापासून तलावापर्यंत फुटपाथ आणि दिव्यांना कमी पडू नयेत.

हे आत्ताच ठरवायची निकडही आहे. एक्स्प्रेसवेचा ‘मिसिंग लिंक’ म्हणजे खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग, बोगदे आणि पुलांवरून घाटाचा हा तुकडा टाळण्यासाठी आखलेला आहे. म्हणजे मुंबई-पुणे गाड्या खंडाळ्याच्या घाटात अडकायला येणार नाहीत. प्रवाशांसाठी छानच. पण जे गाव जवळजवळ दोनशे वर्षं ‘वाटेवर’ होतं, ते पहिल्यांदाच वाटेवरून बाजूला होणार. यापुढे खंडाळ्यात जो येईल तो मुद्दाम येईल. त्याला गावाने काय दाखवायचं? एकापाठोपाठ एक बंद गेटं, की एक जागा गल्ली?

निर्णय नगरपरिषद, पोलीस आणि पर्यटन खातं घेतील, पण अर्धी किल्ली गिऱ्हाइकाकडे असते. पुढच्या वेळी व्हिला बुक करताना फक्त पूलचा फोटो बघू नका. नोंदणी आहे का, मालक किंवा त्याचा माणूस जवळ राहतो का, हे विचारा. पाच ग्रुपनी विचारलं तर एजंट हसेल, पन्नासांनी विचारलं तर कागद दाखवेल. एक जेवण तरी बंगल्याच्या बाहेर, गावातल्या हॉटेलात करा किंवा गावातल्या बाईंच्या हातचं मागवा. दहानंतर स्पीकर बंद करून गप्पा मारा. खंडाळ्याच्या पावसाचा आवाज प्लेलिस्टपेक्षा वाईट नाही. आणि गाडीची चावी, जो प्यायलेला नाही त्याच्याच खिशात. कुणीच तसा नसेल, तर मॅगी सकाळीही तितकीच चांगली लागते.